सहा पायांचा बैल

मित्रांनो, मी एक म्हातारा बैल आहे. पण जवळ येण्याआधी जरा तिथेच थांबा आणि दोन्ही हात पुढे करून दाखवा. हातात दोरी नाही ना? गुळाचा खडा नाही ना? गूळ तर मुळीच नको. माझ्या आयुष्यात जे जे वाईट आलं, ते गूळ घेऊनच आलं.

ठीक आहे. हात रिकामे दिसतात. बसा. सांगतो.

तमिळनाडूत वेदारण्यमच्या खाली जमीन निमुळती होत होत समुद्रात शिरते. तिथल्या सिरुमुनै नावाच्या वस्तीत माझा जन्म झाला. एका अंगाला मोठा समुद्र, दुसऱ्या अंगाला सामुद्रधुनी आणि मध्ये मिठागरं, चिखल, दलदल. आमच्या जातीची वासरं जन्मतात तांबडी आणि सहा महिन्यांत करडी होतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी मला बघायला आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाने बोटाला थुंकी लावून माझी पाठ घासून पाहिली होती, रंग निघतो का म्हणून. तेव्हाच मी काय ते समजलो. लोक आधी आपल्याला घासून बघतात, आणि रंग निघाला नाही तरी मनातून म्हणतात, रंग पक्का दिसतोय.

मला विकत घेतलं ते कात्तमुत्तूने. हा उंच, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. त्याने मला मयिलै असं नाव दिलं. करड्या बैलाला आमच्याकडे हेच म्हणतात. त्याची बायको सेवंदी मिठागरात मीठ ओढायला जायची. तिच्या तळव्यांना भेगा होत्या, पण अंगावर पाणी ओतताना तिचा हात हलका असायचा.

मला नांगराला जुंपलं नाही. गाडीलाही नाही. माझं काम वेगळंच होतं, आणि सगळ्या संशयाचं मूळ त्या कामातच होतं.

कात्तमुत्तूचे वडील पाखरं धरून विकायचे. त्यांच्या सगळ्या कुळाचा तोच धंदा. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारोंनी पाखरं आमच्या चिखलावर उतरतात: टिलवे, तुताऱ्या, चिखले, लांब चोचीचे पाणटिवळे. पाखरू माणसाला कोसभरावरून ओळखतं आणि उडतं. पण चरत येणाऱ्या बैलाला ते भीत नाही. म्हणून हे लोक एक बैल शिकवून ठेवत. माणूस बैलाच्या पलीकडच्या अंगाला वाकून चालायचा, आपले पाय बैलाच्या पुढच्या पायांबरोबर टाकायचा, आणि दोघं मिळून पाखरांच्या अगदी जवळ पोचून त्यांना हळूहळू केसांच्या फासांकडे रेटायचे. पाखरांना दिसायचा सहा पायांचा बैल. पाखरांना मोजता येत नाही असं लोक म्हणतात. मला वाटतं येतं. पण बैलावर भरवसा असला की ती मोजायच्या भानगडीत पडत नाहीत.

पुढे कायदा आला, धंदा बंद झाला. वडिलांनी केसांचे फास चुलीत घातले आणि बैल विकला. कात्तमुत्तू मिठागरात मजुरीला लागला. धंदा गेला, पण नाव गेलं नाही. वाटेवरच्या वनखात्याच्या चौकीपाशी या घराच्या माणसाची पिशवी उघडून बघायची पद्धत तशीच राहिली.

मग हिवाळ्यात बांधावर पक्षी बघणाऱ्यांची छावणी पडू लागली. तंजावरच्या एका कॉलेजातल्या बाई ती चालवायच्या, पद्मिनी अम्मा. दुर्बिणी, त्या ठेवायच्या तिकाटण्या, टोप्या घातलेली माणसं. बांधावर बसून दिवसभर बघत राहायची. वस्तीला हा सगळाच प्रकार संशयाचा वाटायचा.

"नुसतं बघतात?" चहाच्या टपरीवाली पवळायी विचारायची. "खात नाहीत, विकत नाहीत, नुसतं बघतात? माझा नाही बाई विश्वास. काहीतरी असणार."

एकदा पद्मिनी अम्मांनी कात्तमुत्तूला विचारलं, "तुझे वडील इतक्या जवळ जायचे कसे रे?"

"बैल घेऊन, अम्मा."

"तू शिकलास ते?"

 या प्रश्नाला कुठलं उत्तर दिलं म्हणजे पुढे चौकी येत नाही, याचा कात्तमुत्तूने आधी विचार केला असणार. मग म्हणाला, "शिकलो. पण फास नाही लावत."

"फास कुणाला पाहिजेत? माणसं न्यायची बैलाआडून. फक्त बघायला."

असा मी आलो. खांद्याखाली दोन बोटांनी टिचकी मारली की चालायचं, तळवा दाबला की थांबायचं, मान खाली घालून चरल्यासारखं करायचं. एवढं शिकायला मला एक पावसाळा लागला. हिवाळा लागला तसा मी कामाला उभा राहिलो. लहानपणीच माझी शिंगं डागून काढलेली, त्यामुळे माझ्याकडे बघून कुणालाच भीती वाटायची नाही.

मित्रांनो, ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. एका वेळी दोघं पाहुणे कात्तमुत्तूच्या मागोमाग माझ्या आडून वाकून चालायचे. एकदा मदुरैचे एक जाडजूड वकील आले होते. त्यांना वाकता येईना, म्हणून ते माझ्या पोटाला कवटाळून जवळजवळ रांगतच आले. समोर मुठीएवढा टिलवा चिखलात चोच मारत होता. वकीलसाहेब श्वास रोखून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हा एवढासा जीव बर्फातून उडत आला? याचे तर पायसुद्धा ओले दिसत नाहीत." परत जाताना त्यांनी माझ्या गळ्यात स्वतःच्या खांद्यावरचा पंचा घातला.

पाहुणे मला हात लावायचे, माझे फोटो काढायचे. पवळायी मात्र टपरीतून म्हणायची, "फोटो काढून कुठे पाठवतात कोण जाणे. आणि तो कात्तमुत्तू? आडोशाचा बैल परत आणलाय त्याने. मांजरीने उपास धरला म्हणून उंदरांनी नाचायचं का?"

मी हे ऐकायचो. बैलासमोर माणसं काहीही बोलतात.

आता सन्नासीविषयी सांगतो. हा सेवंदीचा धाकटा भाऊ, पंचविशीतला. नाव सन्नासी, पण संसाराची आवड दांडगी: रंगीत शर्ट, केसाला तेल, ओठावर गाणं. लहानपणी तो कात्तमुत्तूच्या वडिलांच्या बैलामागे चालून शिकला होता. त्याला छावणीत काम हवं होतं. कात्तमुत्तूने शब्द टाकला, तर पद्मिनी अम्मा जरा घुटमळून म्हणाल्या, "एका घरातला एक पुरे, कात्तमुत्तू. लोक बोलतात."

हे सन्नासीला कळलं तेव्हा तो हसला. पण त्या दिवसापासून तो आमच्याकडे जेवायला यायचा कमी झाला.

आणि पुढच्याच हिवाळ्यात, पोंगलच्या थोडं आधी, आभाळ कोसळलं.

छावणी नेहमी पुढच्या मिठागरांकडे असायची. मागच्या काळ्या दलदलीत पाहुण्यांना नेत नसत. तिथे गुडघ्यापर्यंत पाय रुततो. दोन पाहुणे वाट चुकून तिकडे गेले आणि परत आले ते हातरुमालात काहीतरी गुंडाळून. पद्मिनी अम्मांनी रुमाल उलगडला. आत केसाचा फास लावलेली काडी होती आणि पाय मोडलेला एक टिलवा. तो अम्मांच्या हातातच गेला.

अम्मा स्वतः दलदलीवर गेल्या. परत येऊन त्या माझ्यासमोर बसल्या आणि माझा मागचा डावा पाय त्यांनी उचलायला लावला. त्या खुराची कडा फुटलेली आहे. अजूनही आहे, बघा.

"कात्तमुत्तू, फासांच्या बाजूला हीच पावलं आहेत."

कात्तमुत्तूने खूर पाहिला. "त्याचीच असतील, अम्मा. पण मी नव्हतो."

"मग बैल एकटाच गेला?"

"बैल एकटा फास लावत नाही."

"तेच म्हणतेय मी."

 अम्मांचे डोळे लाल होते. त्या म्हणाल्या, "काही दिवस घरीच राहा." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चौकीवरचा माणूस मात्र ओरडला. खरं काय ते लवकर बाहेर आलं नाही तर बैल जप्त होऊन लिलावात जाईल, असं तो सगळ्या वस्तीसमोर म्हणाला. लिलावातले म्हातारे-तरणे बैल कुठल्या लॉरीत चढतात हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

तुम्ही विचाराल, मयिलै, तुला तर ठाऊक होतं ना, कोण घेऊन गेलं ते? ठाऊक होतं. पण मी हंबरलो तर लोक म्हणतात, भूक लागली असेल.

सेवंदी पहाटेच मिठागरावर जायची. पाहुणे नसतील त्या दिवशी कात्तमुत्तूही मासळीच्या धक्क्यावर टोपल्या उचलायला जायचा, आणि छावणीतलं काम सुटल्यावर तर रोजच तिच्या मागोमाग निघू लागला. घर रिकामं व्हायचं. मग कुडाच्या मागून सन्नासी यायचा, हातात गूळ घेऊन. माझ्या खांद्याखाली दोन बोटांची टिचकी पडायची. बोटं ओळखीची, टिचकी ओळखीची. मी निघायचो. वाटेत मला वाटायचं, हा पाहुण्यांना घेऊन का येत नाही? हा मागे वळून सारखा का बघतो? पण पायांना सवय असते, मित्रांनो. संशय डोक्यात राहतो आणि पाय चालत राहतात.

छावणीचं काम बंद झालं तरी तो थांबला नाही. उलट आता कुणी बैल मागायला येणार नाही, म्हणून त्याला मोकळं रान मिळालं.

माट्टु पोंगल आला. गुराढोरांचा सण. वस्तीतल्या सगळ्या बैलांना आंघोळी, गळ्यात माळा, पाठीवर हळदीकुंकवाचे ठसे. सेवंदीने मला विहिरीवर नेलं. पाय चोळता चोळता तिचा हात थांबला. खुरांच्या फटीत वाळलेला चिखल होता. तिने तो नखाने उकरून काढला, नाकाशी नेला.

"हा मिठागरातला नाही," ती पुटपुटली. "काळा आहे. मागच्या दलदलीचा."

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "खरं सांग. धक्क्यावर जातो म्हणून सांगतात आणि तिकडे जातात ना तुला घेऊन? बापाचं रक्त गप्प बसत नाही ना?" आणि चारही खुरांच्या फटी तिने काडीने कोरून कोरून स्वच्छ केल्या, एक कण ठेवला नाही. मनात चोर नवराच होता, पण चौकीला काही सापडू नये म्हणून राबत होती तीच. मग तिने माझ्या गळ्यात माळ घातली. हात नेहमीसारखा हलका नव्हता.

त्याच संध्याकाळी कात्तमुत्तू मला पेंढा टाकायला आला. माझ्या खुंट्याशी मुंग्यांची रांग लागली होती. तो उकिडवा बसला. मातीतून त्याने गुळाचा एक तुकडा उचलला, तो बराच वेळ हातात धरून बसला.

"गूळ कोण देतं रे तुला?" तो मला म्हणाला. त्याने घराच्या दाराकडे पाहिलं. आत सेवंदी सणाचा गोड भात शिजवत होती, शेजारी गुळाचं मडकं. "भाऊ तिचा, आणि गूळही तिचाच. तिला ठाऊक आहे, मयिलै. मला नाही सांगत, पण तिला ठाऊक आहे."

मित्रांनो, त्यानंतर त्या घरात फार वाईट दिवस गेले. भांडण झालं असतं तर मला कळलं असतं, भांडण मी ओळखतो. इथे दोघं एकमेकांशी गोड बोलत होते. "आज धक्क्यावर गर्दी होती का हो?" ती विचारायची, आणि उत्तर ऐकताना त्याच्या पायांकडे बघायची. "सन्नासी बऱ्याच दिवसांत आला नाही," तो म्हणायचा, आणि तिच्या तोंडाकडे बघायचा.  दोघं आळीपाळीने येऊन माझ्या कानात बोलायचे. मला दोनच कान आहेत. एकात तो होता, एकात ती, आणि मध्ये माझं डोकं जड होत चाललं होतं.

एक दिवस पहाटे सेवंदी नेहमीसारखी डोक्यावर टोपली घेऊन निघाली. कात्तमुत्तूही गेला. थोड्याच वेळात सन्नासी आला, गूळ देऊन मला सोडून घेऊन गेला.

सूर्य नुकताच वर आला होता. दलदलीवर धुकं होतं. समोर पाखरांचा मोठा थवा उतरलेला. सन्नासीने आदल्या दिवशी लावलेल्या फासांत काही अडकली होती. ती काढून त्याने पाय बांधून करंडीत ठेवली, आणि तो पुन्हा माझ्या आड वाकून पुढे सरकू लागला. टिचकी. पाऊल. टिचकी. पाऊल.

तेवढ्यात मागून एक आवाज आला. बाईचा, चिरका, फाटलेला.

"कात्तमुत्तू!"

मित्रांनो, आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सेवंदीच्या तोंडून मी ते कधीच ऐकलं नव्हतं. ती गुडघाभर चिखलातून धावत येत होती. मिठागरावर ती गेलीच नव्हती. वस्तीच्या टोकाशी टोपली टाकून परत फिरली होती. खुंटा रिकामा दिसला, तशी माझ्या पावलांवरून माग काढत आली. दुरून तिला माझे चार पाय दिसले, आणि मागे माणसाचे दोन.

सगळा थवा एकदम उठला. आभाळ काळं झालं, पांढरं झालं, पुन्हा काळं झालं.

माझ्या आडून माणूस सरळ उभा राहिला. रंगीत शर्ट.

सेवंदी जागच्या जागी थांबली. "तू?"

"मीच," सन्नासी म्हणाला. आधी त्याचा चेहरा पडला, मग तो वाकडं हसला. "पण तू माझं नाव कुठे घेतलंस, अक्का? तू तर अत्तानचं घेतलंस." अत्तान म्हणजे भावोजी. "म्हणजे तुलाही तोच वाटला होता."

तिने पुढे येऊन त्याच्या कानशिलात मारली. तो हलला नाही.

"का केलंस रे?" ती म्हणाली. "पोटाला कमी पडलं होतं? आम्ही हाकलून दिलं होतं?"

"चौकीवर रोज माझी पिशवी उघडतात," सन्नासी म्हणाला. "रोज. आत डबा असतो, कधी विडी असते. तरी रोज उघडतात, हुंगतात, परत देतात. छावणीत काम मागितलं तर म्हणे, एक पुरे. एक दिवस मला वाटलं, अरे, एवढं शोधतायत बिचारे, असू दे की आत काहीतरी."

"आणि त्यात तुझे अत्तान तुरुंगात गेले असते! हा बैल मेला असता! तू गाणी म्हणत फिरतोस?"

सन्नासीने माझ्याकडे पाहिलं नाही. "लिलावाचं मला नंतर कळलं," तो हळू म्हणाला. "तेव्हा थांबलो असतो. पण थांबलो असतो तर कुणाला कळणार होतं, की मी थांबलोय?"

 सेवंदी चिखलात बसली, करंडी मांडीवर घेतली आणि पाखरांच्या पायांच्या दोऱ्या दातांनी सोडवू लागली. सुटलेली पाखरं जरा वेळ तशीच पडून राहायची, आपण सुटलो यावर विश्वास न बसल्यासारखी. मग एकेक उडून जायचं. एक मात्र उडालं नाही. ते तिने पदरात घेतलं.

आम्ही बांधावर आलो, तर समोरून कात्तमुत्तू येत होता. तोही धक्क्यावर गेला नव्हता! सन्नासीला पकडायचं ठरवून तो त्याच्या झोपडीवर पाळत ठेवून बसला होता, आणि सन्नासी मागल्या कुडातून केव्हाच निघून गेला होता. कात्तमुत्तूने मला पाहिलं, सन्नासीला पाहिलं. पण तो बोलला सेवंदीशी.

"तुला ठाऊक होतं?"

"मला?" तिचे डोळे मोठे झाले. "मला वाटलं तुम्हीच आहात!"

"मी?"

"खुरांत काळा चिखल होता. मी धुतला तो, तुमच्यासाठी!"

"खुंट्याशी गूळ होता. मला वाटलं तूच देतेस, भावासाठी."

दोघंही चोर पकडल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिले. इतके दिवस एका ताटातलं जेवलेली ती दोन माणसं, आणि आता कुणी आधी खाली बघायचं हे त्यांना कळेना.

"तुमचं आटपलं की सांगा," सन्नासी म्हणाला. "मी इथेच उभा आहे. चोर मी आहे."

सेवंदीला हसू फुटलं आणि लगेच रडू. कात्तमुत्तूने तिच्या पदरातलं पाखरू आपल्या हातात घेतलं. "चला," तो म्हणाला. "छावणीवर जाऊ."

सन्नासी स्वतःच्या पायांनी आला. पद्मिनी अम्मांसमोर त्याने फास ठेवले आणि सगळं सांगितलं. चौकीचा माणूस मलाही ओढून न्यायला निघाला, चोरीचं साधन म्हणून. तेव्हा सन्नासीने माझी दोरी घट्ट धरली. "मला घेऊन चला. त्याला टिचकी कळते, कायदा कळत नाही."

अम्मा पुढे झाल्या. "बैल राहील," त्या म्हणाल्या. मग सन्नासीकडे वळल्या. "तू काम मागितलंस तेव्हा मी लोकांच्या बोलण्याला भ्याले. ते चुकलं माझं. पण त्याने मेलेली पाखरं परत येत नाहीत."

"नाही येत," सन्नासी म्हणाला.

त्याला घेऊन गेले. दंड झाला, तुरुंग झाला. तो परत आला तेव्हा उन्हाळा तापला होता, पाखरं उत्तरेला गेली होती, आणि त्याचा शर्ट अंगावर ढगळ झाला होता.

तुम्हाला वाटेल, खरं बाहेर आलं, आता सगळं पूर्वीसारखं झालं असेल. मलाही तसं वाटलं होतं. कात्तमुत्तूला काम परत मिळालं. पण पवळायी टपरीतून म्हणालीच, "मेव्हण्याला पुढे केलं आणि आपण सुटला. हुशार आहे." खोट्याला पुरावा लागत नाही आणि खऱ्याला दिलेला पुरत नाही.

आणि पाखरं. पुढच्या हिवाळ्यात कात्तमुत्तूने दोन पाहुणे माझ्या आड घेतले, टिचकी मारली. आम्ही दहा पावलंही गेलो नसू, तोच सबंध थवा उठला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा उठला. जी पाखरं फासातून सुटली होती, जी बाजूला उभी राहून बघत होती, त्या सगळ्यांना आता करडा बैल म्हणजे काय ते कळलं होतं. इतर गुरं चरायची, त्यांच्या पायांत पाखरं बिनधास्त फिरायची. मी दिसलो की उडायची.

कात्तमुत्तूने तळवा माझ्या खांद्यावर दाबला आणि तसाच ठेवला. "चल, घरी जाऊ," तो म्हणाला.

छावणीने बांधावर गवताचा आडोसा उभा केला. पाहुणे त्यात बसून बघू लागले. तो आडोसा बांधायला पद्मिनी अम्मांनी सन्नासीलाच बोलावलं. पहिल्या दिवशी तो चौकीपाशी आला, पिशवी पुढे केली आणि मान खाली घालून उभा राहिला. मागून कात्तमुत्तू आला. त्याने आपली पिशवी त्या पिशवीच्या शेजारी ठेवली, उघडली आणि म्हणाला, "आधी माझी बघा." दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. सेवंदीही मिठागरावर जाताना टोपली खाली ठेवून म्हणायची, "हीसुद्धा." शेवटी चौकीवाला वैतागला. "जा रे बाबांनो, जा," तो म्हणायला लागला.

मला मात्र काम उरलं नाही. फोटो नाहीत, पंचे नाहीत. व्यापारी येऊन माझे दात बघून गेले. सेवंदीने त्यांना चहासुद्धा विचारला नाही. मी खुंट्याला बांधलेला असायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे हात बघत असायचो. वर्षं गेली. पाठीवरची हाडं वर आली. घरातली माणसं आता माझ्या कानात बोलायला येत नाहीत. जे बोलायचं ते एकमेकांशी बोलतात, कधी कधी मोठ्याने. ते मला बरं वाटतं.

या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो आणि थांबतो.

सन्नासीने मला पाणी दाखवायला सोडलं होतं. मी कडेच्या उथळ चिखलात जाऊन उभा राहिलो. अपेक्षेप्रमाणे लांबचा थवा उठून गेला. पण एक टिलवा तिथेच राहिला. अगदी कोवळा, पिसांच्या कडा अजून ताज्या. मोठी पाखरं आधी येतात. त्या वर्षीची पिल्लं मागाहून येतात, आपली आपण, कुणी वाट न दाखवता. या पिल्लाला माझ्याविषयी कुणीच काही सांगितलेलं नव्हतं.

ते पळत पळत आलं. माझ्या खुरांनी चिखल ढवळला होता, त्यातले किडे टिपू लागलं. जवळ, आणखी जवळ, माझ्या दोन पुढच्या पायांच्या मध्ये. सन्नासी बांधावर दोरी हातात घेऊन थिजला होता. सेवंदी टोपली घेऊन येत होती, तीही थांबली. तिच्यामागे कात्तमुत्तू. तिघांपैकी कुणीच पुढे आलं नाही.

मी आयुष्यभर सगळ्यांचे हात तपासले. आणि या मुठीएवढ्या जिवाने माझं काहीच तपासलं नाही. तो भरवसा मी कमावलेला नव्हता. तो मला असाच मिळाला होता, कुणा कुणाला पहाटेचं ऊन मिळतं तसा.

मित्रांनो, तुमच्याजवळही कधी कुणीतरी असं येईल, ज्याला तुमच्याविषयी कुणी काही सांगितलेलं नाही. तेव्हा एवढंच करा. त्याला घाबरवू नका, आणि त्याच्या भोळेपणाचा आडोसा करून कुणाला फास लावू देऊ नका. असा भरवसा एकदा उडाला, की बोलावून परत येत नाही. त्याला पुन्हा जन्मावं लागतं, कुठेतरी लांब, बर्फात.

ते पिल्लू बराच वेळ माझ्या पायांत चरत होतं. माझ्या कानावर एक माशी येऊन बसली. मी कान हलवला नाही.